कागदी दोरीची बाज

माझा नवरा खुर्चीवर मांडी घालून बसायचा. बँकेत काय करायचा देव जाणे, पण घरी, लोकांकडे, अगदी हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, जमिनीला ठोकलेल्या गोल स्टुलावरसुद्धा त्याचा एक तरी पाय वर जायचाच. मी ऑफिसांसाठी फर्निचर बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर आहे. माणसाने कसं बसावं याची ड्रॉइंग्ज दिवसभर करायची आणि घरी येऊन हे ध्यान बघायचं. मी चिडले की तो म्हणायचा, "अगं, खुर्ची माणसासाठी असते ना? मग बसू दे की माणसाला त्याच्यासारखं."

ती खुर्ची आम्हाला आमच्याच इमारतीखाली मिळाली. सिंगापूरमध्ये बुकित बातोकला आम्ही राहतो तिथे लोक नको असलेलं मोठं सामान तळमजल्यावर लिफ्टजवळ आणून ठेवतात आणि मग सफाईवाले ते उचलून नेतात. त्या रविवारी तिथे एक फाटकी गादी होती, एक मोडका पंखा होता, आणि त्यांच्या मागे ही. बैठक नव्हती, नुसता ओक लाकडाचा सांगाडा. ठेंगणी आणि चांगलीच रुंद. मी वाकून पाहिलं आणि तिथेच फतकल मारून बसले. मागचा पाय आणि हात यांचा सांधा इतका सफाईदार होता की एक लाकूड कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नव्हतं. खाली लाकडात जाळून उमटवलेला एक शिक्का होता. तो अर्धाअधिक पुसलेला, पण डेन्मार्कमधल्या एका गावाचं नाव वाचता येत होतं.

नवरा भाजीची पिशवी घेऊन उभा होता. "मोडकी आहे गं. आपल्याकडे मोडकं सामान घरात आणत नाहीत."

"आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? तुझ्याकडे की माझ्याकडे?" मी विचारलं.

यावर त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि सांगाडा स्वतःच्या डोक्यावर घेतला. लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आजी त्याच्याकडे पाहून हसत होत्या आणि तो त्यांना गंभीरपणे गुड मॉर्निंग म्हणाला.

त्या खुर्चीचं मूळ शोधण्यात माझे बरेच महिने गेले. तिकडच्या जुन्या फर्निचरची माहिती जपून ठेवणाऱ्या लोकांना मी ईमेल करत राहिले. शेवटी कळलं ते एवढंच, की पन्नासच्या दशकात एका छोट्या कारखान्यात अशा मोजक्याच खुर्च्या झाल्या. लोकांना ती फार ठेंगणी वाटली, फार रुंद वाटली. कारखाना बंद पडला, ड्रॉइंग्ज गेली, आणि खुर्ची विसरली गेली. ज्याने ती काढली तो माणूस कधीच वारला होता. पण त्याची मुलगी होती, ऐंशीच्या पुढची, समुद्राकाठच्या एका गावात राहणारी. तिला आनंद झाला आणि थोडा संशयही आला. सिंगापूरमधल्या एका भारतीय बाईला तिच्या वडिलांच्या खुर्चीचं काय पडलंय, असं तिने सरळच विचारलं.

मला काय पडलं होतं ते मी तिला लिहिलं. इतकी वर्षं मी कपाटं, खणांच्या पेट्या आणि एकसारखी टेबलं काढत आले होते. चांगली खुर्ची म्हणजे काय हे मला कळत होतं आणि मी एकही केलेली नव्हती. आता स्वतःची करण्याएवढा दम नव्हता, पण कुणाची तरी मेलेली खुर्ची पुन्हा उभी करता आली तर तेवढ्याने माझं समाधान झालं असतं. हे वाचून ती विरघळली असावी, कारण तिने एक फोटो पाठवला. तिची आई त्या खुर्चीत बसून विणकाम करतेय. घेरदार स्कर्टखाली सगळी बैठक झाकलेली, एक कोपरा तेवढा दिसत होता. बैठक कागदी दोरीची होती. युद्धाच्या दिवसांत दुसरं काही मिळेना, तेव्हा तिकडे जाड कागद पिळून दोरी करू लागले आणि तीच पुढे रूढ झाली. पण अशा खुर्च्यांची बैठक सहसा सरळ विणतात, एका काठापासून समोरच्या काठापर्यंत. या कोपऱ्यातली दोरी तिरकी जात होती. तसं विणलेलं मी कुठेच पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. "अगं, ही तर बाज आहे."

तो खानदेशातला. त्यांच्या घरी दर वर्षी उन्हाळ्याच्या आधी अंगणात बाजा काढून जुनी दोरी सोडवायचे आणि नवी विणायचे. माझे सासरे विणायला बसायचे आणि हा समोर बसून दोरी ताणून धरायचा. पुढे सासऱ्यांची नजर गेली तेव्हा हा विणू लागला. "बँकेत लागण्याआधी मला एवढं एकच काम धड येत होतं," असं तो म्हणायचा, आणि मी म्हणायचे, बँकेत लागल्यावर तेवढंही राहिलं नाही.

मग डेन्मार्कहून कागदी दोरीची भेंडोळी मागवली आणि आमच्या हॉलमध्ये, टीव्हीवर क्रिकेट लावून, त्याने ती खुर्ची बाजेसारखी विणायला घेतली. सांगाड्याला पाय लावून तो दोरी खेचायचा. दोरीने तळहात कापायचे, तिथे तो खोबरेल चोळायचा आणि नंतर त्याच हातांनी रिमोट धरायचा. इथल्या दमट हवेत कागद सैल पडणार हे त्याने आधीच ओळखलं. म्हणून मागच्या काठाशी त्याने बाजेच्या पायथ्याला असते तशी ताणायची दोरी ठेवून दिली. डॅनिश खुर्चीला असलं काही नसतं. मी म्हटलं, हे मूळ डिझाइनमध्ये नाही. तो म्हणाला, मूळ डिझाइनमध्ये सिंगापूर नाही. त्याच्या विणण्याचा व्हिडिओ काढून ठेवायला हवा होता असं आता वाटतं. तेव्हा कुणाला सुचतंय? नवरा घरात विणत बसलाय, त्याचा काय व्हिडिओ काढायचा?

विणून झाली तेव्हा तोच पहिला बसला, अर्थात मांडी घालून. दोन्ही गुडघे हातांच्या आत बरोबर मावले. "बघ," तो म्हणाला, "डेन्मार्कमध्येही माझ्यासारखा एक होता. त्याचंही बायको ऐकत नसेल."

फोटो पाहून डेन्मार्कच्या म्हातारीचं उत्तर आलं: वीण कशी होती ते मला आठवत नाही, पण लहानपणी मी त्याच खुर्चीत पाय वर घेऊन झोपायचे. बसले तर अंगाला आठवेल. एक खुर्ची मला पाठवा. मी बसून बघेन आणि मगच ती पुन्हा करायला हो किंवा नाही म्हणेन. तिला पाठवायला म्हणून मी दुसरा सांगाडा करायला घेतला. इथेच बुकित बातोकच्या औद्योगिक इमारतीत एक सुतार आहेत, त्यांच्याबरोबर शनिवार-रविवार खपून मी तो सांधा जमवला. नवऱ्याने नवी दोरी मागवून ठेवली.

सांगाडा घरी आला त्याच आठवड्यात नवरा गेला. सकाळी ऑफिसला जाताना जुरोंग ईस्टला गाडी बदलायची असते, तिथे प्लॅटफॉर्मवर त्याला छातीत दुखायला लागलं. एका मलाय मुलीने त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्याच फोनवरून मला कळवलं, अंकलना बरं वाटत नाहीये, अँब्युलन्स येतेय. मी हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या मुलीने त्याची डब्याची पिशवी शेवटपर्यंत सांभाळली होती. डबा अजून कोमट होता.

तेराव्याला दीर आणि जाऊ आले होते. गुरुजी जवळच्या चोआ चू कांग भागातले, आठवडाभर आयटीत नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी पूजा सांगतात. माणूस भला. विधी आटोपत आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, शय्यादानाचं कसं करायचं? गेलेल्या माणसाची शय्या दान द्यायची असते."

आमचा पलंग भिंतीतच बसवलेला, खाली खण असलेला. तो द्यायचा म्हणजे भिंत फोडायला हवी. सगळे विचारात पडले. जाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, ती खुर्ची देऊया ना. भाऊजींनी बाजेसारखीच विणलीय. बाज ती बाजच."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खुर्चीला हात लावाल तर याद राखा," मी ओरडले. गुरुजी दचकले, दीर उठून उभा राहिला. तेरा दिवसांत मी इतक्या मोठ्याने प्रथमच बोलले होते. गुरुजींनी सतरंजी आणि नवी उशी यांवर भागवलं, आणि जाताना त्या खुर्चीला वळसा घालून गेले.

त्यानंतर त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. दमट हवेने बैठक सैलावू लागली, मध्ये खोलगट झाली. त्याची ताणायची दोरी मागे होतीच, पण ती खेचायला माझा हात जाईना.

काही आठवड्यांनी म्हातारीचं पत्र आलं. नवरा गेल्याचं मी कळवलं होतं, त्यावर तिने फार चांगलं लिहिलं होतं, आणि शेवटी संकोचाने घातलं होतं की माझीही आता घाई आहे, डॉक्टर फार लांबचं बोलत नाहीत. खुर्ची व्हायची असेल तर लवकर व्हावी.

म्हणजे नव्या सांगाड्यावर वीण घालायची. मी नवऱ्याने विणलेल्या बैठकीचे खालून-वरून फोटो काढले, कागदावर रेघा मारल्या आणि विणायला बसले. वरवर अगदी तसंच दिसायचं. पण थोडं पुढे गेलं की सगळी बैठक एका अंगाला पिळवटायची. त्याच्या विणीत आतल्या थरात दर ओळीला एक वळण होतं. ते बाहेरून अर्धवट दिसायचं, पण दोरी तिथे कुठून येते आणि कुठे जाते ते कळत नव्हतं. दिराला व्हिडिओ कॉल लावून खुर्ची उलटी करून दाखवली. तो म्हणाला, "वहिनी, बाजेत असं वळण नसतं. आणि खरं सांगू, मला विणता येत नाही. दादालाच यायचं. आता आमच्याकडेही सगळे लोखंडी पलंगच झालेत."

मग दोनच वाटा उरल्या. त्याने विणलेली खुर्ची तशीच डेन्मार्कला पाठवायची, किंवा ती उसवून आतलं वळण शिकायचं. पाठवली असती तर तिकडच्या विणकराने शिकण्यासाठी ती उसवलीच असती. उसवायचीच असेल तर माझ्या हाताने उसवेन, असं मी ठरवलं.

हे माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती नाश्ता करत होती. ती इथेच वाढलेली, इथल्यासारखं वाक्याला 'लाह' जोडून बोलणारी, नुकतीच नोकरीला लागलेली. तिने टोस्ट खाली ठेवला. "आई, नो. डोन्ट टच लाह. दॅट इज बाबाज्."

"मला माहीत नाही का कुणाची आहे ती?"

"यू शाउटेड अ‍ॅट एव्हरीबडी. काकूला, गुरुजींना. अँड नाउ यू वॉन्ट टु कट इट युअरसेल्फ?"

"कापणार नाही. सोडवणार आहे."

"सेम थिंग," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्याने ती विणली होती ती हॉलमध्ये जपून ठेवायला नाही, खुर्ची पुन्हा व्हावी म्हणून विणली होती. माझ्यासाठी विणली होती. हे मी तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. रविवारी सकाळी तिने आपणहून हॉलमधलं टेबल सरकवलं आणि जमिनीवर चादर पसरली.

आम्ही खुर्ची उलटी केली आणि शेवटच्या गाठीपासून सुरुवात केली. मी एकेक फेर सोडवायचे, तो कुठून कसा गेला ते बोलून दाखवायचे, ती फोनवर त्याचा फोटो घ्यायची आणि सुटलेली दोरी कोपराभोवती गुंडाळायची. कागदाची दोरी एकदा वाकली की तो बाक सोडत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशातली गत. प्रत्येक फेरात तो कुठे दमला होता, कुठे नव्या जोमाने ओढलं होतं, ते हाताला कळत होतं. एका जागी दोरीवर आमटीचा डाग होता. एका ठिकाणी बराच पट्टा ढिला होता, तिथे बहुतेक मॅच रंगात आली असणार. मुलगी हसली. आणि दर ओळीला ते वळण होतंच, आतल्या थरात, उजवीकडून खाली दडपून पुन्हा वर काढलेलं. एकही ओळ त्याने त्याशिवाय घेतली नव्हती.

दुपार झाली तेव्हा पुढच्या उजव्या कोपऱ्यातले, अगदी सुरुवातीचे काही फेर तेवढे उरले. ते वेगळेच होते. वेडेवाकडे, एकावर एक चढलेले, आणि त्यांची गाठ बुटाच्या नाडीसारखी. मी ती गाठ पाहिली आणि माझे हात थांबले. ती माझी होती.

पहिल्या संध्याकाळी त्याने दोरीचं टोक मला दिलं होतं. म्हणाला, घरच्या लक्ष्मीच्या हातून सुरुवात होऊ दे. मी काही फेर घेतले आणि तो हसत सुटला. "अगं बये, वरून घ्यायची दोरी तू खालून घेतलीस की!" तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी उठताना म्हटलं, उसव आणि कर नीट. तो म्हणाला, उसवतो. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा तो पुढे विणत होता. त्याने उसवलं असणार हे मी गृहीतच धरलं.

त्याने उसवलं नव्हतं. माझे वाकडे फेर तसेच ठेवून, बैठक एका अंगाला जाऊ नये म्हणून, दर ओळीला त्याने ते जास्तीचं वळण घेतलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, इतके आठवडे, तळहात कापून घेत. एका शब्दाने बोलला नव्हता.

मी हे मुलीला सांगितलं. तिने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग चादरीवरच्या दोरीच्या ढिगाकडे. "सो बाबा जस्ट अ‍ॅडजस्टेड, इज इट? होल चेअर?"

"हो," मी म्हटलं. त्याचं होतं ते सगळं जमिनीवर पडलं होतं आणि सांगाड्यावर माझी चूक तेवढी उरली होती. मला इतकं रडू आलं की ती घाबरून पाणी घेऊन आली.

दुसरी खुर्ची मुलीने आणि मी विणली. सुरुवात सरळ केली, दोरी वरून घेतली, आणि ते वळण लागलंच नाही. आधी त्या वळणाची नक्कल करायला जात होते म्हणूनच माझी बैठक पिळवटत होती. साधी बाज होती, त्याने फोटोत पाहताक्षणी ओळखली होती तशी. मुलगी समोर बसून दोरी ताणून धरायची, मी विणायचे. थोड्याच रविवारांत झाली. बैठक सपाट, कुठेही पिळवटलेली नाही. त्याच्या खुर्चीपेक्षा चांगली झाली होती, आणि हे मला सहन होत नव्हतं. त्याने जे केलं होतं त्याची आता कुणालाच गरज नव्हती.

ती डेन्मार्कला रवाना झाल्यावर मी जुना सांगाडा पुन्हा घेऊन बसले. घरासाठी म्हणून, त्याच्याच पद्धतीने, त्या वळणासकट विणायचा. पण ते वळण बसायचं तर आधी तशीच चूक व्हायला हवी. माझे ते उरलेले फेरही त्याच दिवशी मी शिकण्याच्या भरात सोडवून टाकले होते. फोटोत पाहून मुद्दाम चुकायला गेले तर तशी चूक होईना. हात आता विणायला शिकले होते. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि दोरी गुंडाळून ठेवली. तो सांगाडा तसाच रिकामा आहे.

म्हातारीचा फोटो आला. खिडकीजवळ ठेवलेली खुर्ची, त्यात ती दोन्ही पाय वर घेऊन बसलेली, लोकरीचे मोजे घातलेली. हीच, तिने लिहिलं होतं. माझ्या अंगाने ओळखली. खुशाल करा, खूप करा. आणि आणखी एक गोष्ट: माझे वडील प्रत्येक खुर्चीखाली विणणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहीत. तुमच्या खुर्चीखाली नाव नाही. मला माझ्या हाताने लिहायचंय. ही कुणी विणली?

मी आधी नवऱ्याचं नाव लिहिलं. बाज ओळखली ती त्याने, दोरी मागवली ती त्याने. पण तिने ते विचारलं नव्हतं. त्या खुर्चीत त्याच्या हातचा एकही फेर नव्हता.

ते नाव मी खोडलं आणि लिहिलं, मी आणि माझ्या मुलीने. ते खरंच होतं. पाठवल्यावर मी हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले आणि मुलगी कामावरून येईपर्यंत तिथून उठले नाही.